गडग्यापलीकडची कुत्री

वाचकाचं पत्र, थोडक्यात : साठीला टेकलेल्या एक ताई रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत राहतात. यजमान निवृत्त शिक्षक, मुलगा-सून मुंबईला. घरच्या गावठी कोंबड्या आहेत. अंडी आणि तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या) विकून ताईंच्या हातात स्वतःचे चार पैसे येतात. शेजारी चुलत दीर राहतात. त्यांची तीन कुत्री दिवसरात्र मोकळी असतात. दोन घरांमधला गडगा, म्हणजे हद्दीवरची चिऱ्यांची बुटकी भिंत, एका जागी ढासळलाय, तिथून ती रोज ताईंच्या परड्यात येतात. शिमग्यापासून सात कोंबड्या गेल्या, त्यातली एक अंड्यांवर बसलेली खुडूक. मे महिन्यात सहा वर्षांचा नातू अंगणात खेळत असताना एक कुत्रा त्याच्या अंगावर धावून गेला. चावला नाही, पण पोर रात्री झोपेतून उठून रडलं. ताईंनी दोनदा गडग्यावरून ओरडून सांगितलं. दीर म्हणाले, "कोंबड्या सांभाळता येत नसतील तर पाळू नका." यजमान म्हणतात, गप्प बस, भावकी आहे. मुलगा म्हणतो, पोलिसांत जा. वाडीतल्या एकाने औषध घालायला सुचवलं. ताई शेवटी लिहितात, "सासऱ्यांच्या वेळी हा गडगा हातभर आमच्याकडे सरकवला, तेव्हाही आम्ही गप्प बसलो. आता कुत्रीही सोसायची का?"

---

ताई,

सोसायची नाहीत, हे आधीच सांगते. ज्या अंगणात लहान पोर खेळतं तिथे दुसऱ्याची कुत्री मोकाट फिरणं ही भावकीच्या नावाखाली सोडून देण्याची गोष्ट नाही. आणि कोंबड्या म्हणजे तुमची कमाई आहे. यजमानांचं पेन्शन कोणी महिन्याला थोडंथोडं खाल्लं असतं, तर त्यांना कोणी "गप्प बसा" म्हटलं नसतं. तुमच्या अंड्यांच्या पैशांना वेगळा न्याय कशाला?

औषध घालण्याचा विचार मात्र मनातून काढून टाका, आणि ज्याने तो सुचवला त्यालाही तसं स्पष्ट सांगा. विष घातलेला तुकडा कोण उचलेल ते आपल्या हातात नसतं. कुत्रा, मांजर, कावळा, तुमचीच कोंबडी, किंवा अंगणात रांगणारं कोणाचं तरी पोर. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे जनावराला मारणं किंवा विष घालणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आज चूक त्यांच्याकडे आहे. त्या दिवसापासून ती तुमच्याकडे येईल, आणि पुढची पिढीसुद्धा तुमच्या दारात पाऊल टाकणार नाही.

आता तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याविषयी. अख्खं पत्र कुत्र्यांबद्दल आहे आणि शेवट मात्र गडग्यावर झालाय. तो सल खरा आहे, मी तो खोडत नाही. पण विचार करा : तुम्ही गडग्याशी उभ्या राहून "कुत्री आवरा" असं ओरडता, तेव्हा पलीकडे भावोजींना काय ऐकू येत असेल? मला वाटतं त्यांना कुत्री ऐकूच येत नाहीत. त्यांना ऐकू येतो तो हातभर जमिनीचा जुना हिशेब, आणि मग उत्तरही त्याच तोऱ्यात येतं. त्या हातभर जागेचा निकाल लागायचा असेल तर तो तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करून लागेल. जरूर करा, हवा तेव्हा करा. पण कुत्र्यांचा विषय काढाल त्या दिवशी गडगा कोणी सरकवला याचा एक शब्दही तोंडातून जाऊ देऊ नका. दोन भांडणं एकत्र बांधली की सोपं सुटणारं भांडणही अवघड भांडणामागे फरफटत जातं.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. सातही कोंबड्या कुत्र्यांनीच नेल्या, याची तुम्हाला खात्री आहे का? तुम्ही लिहिलंय की दोनदा कुत्रा तोंडात कोंबडी धरून पळताना पाहिला. म्हणजे दोन नक्की. बाकीच्या पाच? कुत्रं बहुतेकदा खेळाच्या भरात मारतं. एका झटक्यात दोन-तीन लोळवतं, पाठीला आणि मांड्यांना चावे असतात, पिसं चहूकडे उडालेली असतात आणि मेलेली कोंबडी पुष्कळदा तिथेच पडलेली सापडते. मुंगूस मान नाही तर डोकं धरतं. रानमांजर एकच उचलतं आणि जाळीत नाहीसं होतं, मागे चार पिसं राहतात. खुडूक कोंबडी रात्रीतून गेली असेल आणि अंडीही गेली असतील, तर मला कुत्र्यापेक्षा दुसऱ्या कोणाचा संशय जास्त येईल. हे मी त्यांची बाजू घेण्यासाठी सांगत नाही. तुम्ही "सात" म्हणालात आणि त्यांनी एका कोंबडीबाबत तुम्हाला खोटं पाडलं, तर उरलेल्या सहांवरही पाणी पडेल. म्हणून यापुढे काही घडलं की आधी फोनवर फोटो काढा : कोंबडी कुठे पडली, चावा कुठे आहे, चिखलात पावलं कशी उमटली. पावसाळ्यात ओली माती सगळं लिहून ठेवते.

आता ही कुत्री भावोजींनी पाळली कशासाठी, याकडे येऊ. तुमच्याच पत्रात ओघात एक ओळ आलीय की त्यांची कलमं आणि केळी गडग्याला लागून आहेत, आणि गेल्या दोन वर्षांत वानरांचा त्रास कमी झालाय. कोकणात वानरांनी केळी-माडांचं काय करून ठेवलंय ते तुम्हाला सांगायला नको. कित्येकांनी परसात भाजी लावणंच सोडलं. वानर कमी झाले ते बहुधा याच तीन कुत्र्यांमुळे, आणि त्याचा फायदा तुमच्या दोडक्या-पडवळांनाही मिळालाय. भावोजींच्या डोक्यात हिशेब असा असणार : कुत्री बांधली तर बाग गेली. "कुत्री बांधून ठेवा" एवढंच सांगणाऱ्या माणसाला ते म्हणूनच उडवून लावतात. त्यांची बाग राखली जाईल आणि तुमच्या कोंबड्याही राहतील, असं काहीतरी त्यांच्यापुढे ठेवावं लागेल.

तसं करता येतं. वानर दिवसा येतात, त्यामुळे दिवसा कुत्रा बागेत हवा हे त्यांचं म्हणणं मान्य करा. पण बागेत असणं आणि मोकाट असणं यात फरक आहे. दोन झाडांमध्ये माणसाच्या डोक्याच्या वर जाड तार ताणायची, तारेत कडी ओवायची आणि कडीला साखळी. कुत्रा तारेच्या लांबीभर धावतो, भुंकतो, वानरं हुसकतो, पण गडगा ओलांडत नाही. तारेच्या दोन्ही टोकांना, झाडापासून थोडं अलीकडे अडसर बांधायचा, नाहीतर साखळी खोडाला गुंडाळून जनावर अडकतं. सावली आणि पाणी साखळीच्या टप्प्यात हवंच. तिन्ही कुत्र्यांना अशी तार लागणार नाही. अशा टोळक्यात बहुधा एकच पुढे असतो आणि बाकीचे त्याच्यामागून येतात. तुमच्या नातवावर धावला तो कोण, कोंबडी धरून पळाला तो कोण, हे रंगखुणेने लक्षात ठेवा आणि त्याच्यापुरतं बोला. "तुमची तीन कुत्री" असं म्हणण्यापेक्षा "तो तांबडा तेवढा" असं म्हटलेलं माणूस लवकर ऐकतो. आखूड साखळीने दिवसभर जखडून ठेवा असं मात्र सांगू नका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ते बसत नाही, आणि तसं बांधलेलं कुत्रं सुटेल त्या दिवशी जास्त चावरं झालेलं असतं.

रात्रीचं कारण वेगळं आहे आणि ते भावोजींच्या स्वतःच्या फायद्याचं आहे : बिबट्या. गावात येणारा बिबट्या बहुतेक वेळा कुत्र्यासाठीच येतो. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचा निघाला. रात्री मोकळं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाडीचं आमंत्रणच. अंगणात बांधलेलं तर त्याहून वाईट, त्याला पळताही येत नाही. म्हणून दिवेलागणीनंतर कुत्री बंद पडवीत किंवा मांगरात हवीत. पहाटे खुराडं उघडण्याआधीच परड्यात फिरून जाणारी कुत्री त्यामुळे आपोआप थांबतील.

हे बोलायचं कोणाशी? तुम्ही भावोजींशी बोललात. मी तुमच्या जागी असते तर जाऊबाईंशी बोलले असते. पत्रात तुम्ही लिहिलंय की संध्याकाळी कुत्र्यांना भात त्याच घालतात. कुत्र्याचं घड्याळ जेवण घालणाऱ्याच्या हातात असतं. संध्याकाळी ठरल्या वेळी भात, आणि भात खाल्ला की पडवीचं दार बंद, एवढं आठवडाभर केलं की कुत्री त्या वेळेला आपणहून पडवीत येऊन बसतात. हे जाऊबाई करू शकतात, आणि त्यात कोणाची मान खाली जात नाही. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि गडग्यावरून तर अजिबात नको. पुढच्या दाराने जा, बसा, चहा घ्या, मग विषय काढा. बोलणं साधारण असं असावं : "बाई, वानरं तुमच्या कुत्र्यांनीच आवरली, ते मी मानते. पण तांबडा माझ्या कोंबड्या धरतो, आणि मे महिन्यात नातवावर धावला. संध्याकाळी भाताच्या वेळेपासून सकाळपर्यंत त्यांना आत घ्याल का? आणि दिवसा तांबड्याला तारेवर?" म्हणजे कोणतं कुत्रं, कुठल्या वेळेला आणि काय करायचं, हे सगळं त्यात येतं. नुसत्या "आवरा" या मागणीला हो म्हणूनही काहीच बदलत नाही.

यात तुमच्याकडूनही काही लागेल. कायद्याने ते तुमचं काम नाही, तरी करा. पत्रात तुम्ही लिहिलंय की मासळी धुतलेलं पाणी माडाच्या आळ्यात ओतता. माडाला ते मानवतं, हे खरं. पण कुत्र्याच्या नाकाला तो रोजचा सांगावा आहे. खवलं-आतडी खड्डा काढून वीतभर मातीखाली पुरा, पाणीही त्याच खड्ड्यात जाऊ द्या. गाय व्याली की वार उघड्यावर टाकू नका. अंड्यांची टरफलं कुत्र्यांच्या वाटेवर फेकू नका. अंड्याची चव लागलेलं कुत्रं खुराड्याशी येणं सोडत नाही. आणि कोंबड्यांसाठी घराच्या कडेला जाळीचा एक वाडा करून घ्या. सकाळी त्यात दाणा-पाणी, दुपारी तीननंतर दिवेलागणीपर्यंत मोकळ्या. पिल्लांची कोंबडी डालग्याखाली. गावठी कोंबडीला चरायला तेवढा वेळ पुरतो, आणि तीन वाजल्यापासून तुमचंही लक्ष असतं.

गेलेल्या कोंबड्यांचे पैसे मागू नका, असं मी सुचवेन. भावकीत पैसे मागितले की समोरचा सात कोंबड्यांचा भाव करायला बसतो आणि मूळ गोष्ट राहून जाते. मागायचंच असेल तर खुडूक बसणारी एक कोंबडी मागा. कोंबडीच्या बदल्यात कोंबडी ही गोष्ट वाडीत सगळ्यांना कळते, आणि ती देऊन टाकणं भावोजींनाही जड जाणार नाही.

ढासळलेल्या गडग्याची जागा बुजवायला हवीच, कारण कुत्रं एकदा पडलेली वाट सोडत नाही. पण एकट्याने चिरे रचायला घेऊ नका. जुना वाद आहे तिथे एका बाजूने रचलेला प्रत्येक चिरा हद्दीचा दावा वाटतो. भावोजींना बोलवा, दोघांच्या देखत होते तेच चिरे होते त्याच जागी बसवून घ्या. ते आले नाहीत तर तुमच्या हद्दीत दोन फूट आत, खिंडारापुरती, जमिनीत वीतभर गाडलेली जाळी उभी करा. तुमच्या जमिनीत तुम्हाला कोणी अडवू शकत नाही, आणि गडग्याला हातही लागत नाही.

नातवाच्या बाबतीत मात्र देवाणघेवाण नाही. इथे एकच प्रश्न विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा : कुत्र्यांना रेबीजची लस दिलीय का? पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, नंतर बूस्टर, आणि पुढे दरवर्षी. दिली नसेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. वाडीतल्या सगळ्याच कुत्र्यांसाठी एक दिवस ठरवता आला तर फारच चांगलं, मग भावोजींना एकट्याला बोट दाखवल्यासारखंही होणार नाही. त्याच फेरीत नसबंदीचं विचारून घ्या. भाद्रपद तोंडावर आलाय. त्या दिवसांत कुत्रे लांबलांबून गोळा होतात, एकमेकांवर तुटून पडतात, आणि त्यात मध्ये सापडलेल्या पोराला ओळखीचं कुत्रंही चावतं. तिघांत एखादी कुत्री असेल तर पुढच्या दिवाळीला प्रश्न तीन कुत्र्यांचा राहणार नाही.

आणि चावलंच, नुसता दात लागला किंवा नख ओरबाडलं तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, लसीचा एकही डोस चुकवू नका, रक्त आलं असेल तर सिरमबद्दल, म्हणजे लसीसोबत द्यायच्या रेबीजविरोधी इंजेक्शनबद्दल, डॉक्टरांना स्वतःहून विचारा. "शेजारचंच कुत्रं आहे, काही होत नाही" हे ऐकून थांबू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही. नातवाला एवढं शिकवा : कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, हात अंगाशी घेऊन उभं राहायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, आणि आजीला हाक मारायची.

शहरातल्या वाचकांकडूनही अशी पत्रं येतात, रो-हाउसच्या बागेत नाहीतर सोसायटीच्या आवारात शेजाऱ्याचं कुत्रं येतं म्हणून. त्यांनी पहिल्यांदा पाहावं की ते कुत्रं खरंच त्या शेजाऱ्याचं आहे का. रस्त्यावरच्या कुत्र्याला कोणी रोज पोळी घालतं म्हणून ते त्याचं होत नाही. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हे २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेचं काम आहे, तक्रारही तिथेच करायची. पाळलेलं असेल तर पुण्यासारख्या महापालिकांमध्ये त्याचा परवाना काढावा लागतो. तो आहे का, एवढं विचारलं तरी पुष्कळ जण पट्टा शोधायला लागतात.

आता मुलगा म्हणतो ते पोलिसांचं. कायदा तुमच्या बाजूने आहे, पण तुम्हाला वाटतो त्या ठिकाणी नाही. न्याय संहितेचं कलम २९१ आपल्या ताब्यातल्या जनावराबाबत हयगय करणाऱ्याला लागतं : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र त्या हयगयीतून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका असावा लागतो. मेलेल्या कोंबड्या त्यात येत नाहीत. पोरावर धावलेला कुत्रा येऊ शकतो. कोंडवाड्याचा मार्गही बंद आहे. १८७१ च्या गुरांच्या कायद्यात गाढवापासून हत्तीपर्यंत सगळे आहेत, कुत्रं नाही. तेव्हा पोलीस ठाणं शेवटी ठेवा. आधी जाऊबाई. त्यानंतर महिनाभर वाट पाहा. फरक पडला नाही तर ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि गावची तंटामुक्ती समिती चालू असेल तर तिच्यापुढे विषय न्या. २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली ती असली भांडणं गावातच मिटावीत म्हणून. पुन्हा कुत्रा पोरावर धावला, तर मात्र महिना मोजत बसू नका, त्याच दिवशी तक्रार द्या.

अर्जात फक्त कुत्र्यांचं लिहा : तारखा, कोणतं कुत्रं, काय झालं, सोबत फोटो, आणि तुमची मागणी काय. गडग्याची ओळ नको, "मुद्दाम सोडतात" हेही नको, कारण ते सिद्ध करता येणार नाही. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. आणि हे काम यजमानांना सांगा. त्यांना भांडायला सांगितलं म्हणून ते गप्प बसायला सांगतात. लिहायला सांगितलं तर कदाचित नाही म्हणणार नाहीत. शाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाचा अर्ज सरपंच नीट वाचतील. अक्षर त्यांचं असू द्या, सही दोघांची.